प्राथमिक शाळेत सोशल वर्कर म्हणून काम कसं उभं करायचं

एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) होऊन पहिल्यांदाच महापालिकेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत जाणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. आपल्यातल्या बहुतेक जणी एखाद्या संस्थेमार्फत शाळेत जातात, काही जण फील्डवर्कचे विद्यार्थी म्हणून. मुख्याध्यापक, शिक्षक, शिपाई, खिचडी शिजवणाऱ्या मावशी यांची कामं सगळ्यांना ठाऊक असतात. आपलं काम मात्र कुणालाच नीट माहीत नसतं. म्हणून कुणी आपल्याला बदली शिक्षिका समजतं, कुणी फोटो काढायला आलेली संस्थेची बाई, तर कुणी दंगेखोर पोरांना सरळ करणारी बाई.

मूल शाळेत येण्याच्या, टिकण्याच्या आणि तिथे सुरक्षित राहण्याच्या आड नेमकं काय येतंय ते शोधायचं आणि तो अडसर हलवायचा, हे आपलं काम. तो अडसर फार वेळा मुलाच्या बाहेर असतो: घरात, वस्तीत, वर्गात, नाहीतर कुठल्याशा न मिळालेल्या कागदात. शाळेत आपण मुलाकडे बोट दाखवायला लागलो की हे काम तिथेच संपतं, इतकं मला याबद्दल ठाम वाटतं.

ही कल्पना नवी नाही. अमेरिकेत १९०६-०७ च्या सुमारास न्यूयॉर्क, बोस्टन आणि हार्टफर्डमध्ये घरोघरी जाणाऱ्या शिक्षिका नेमल्या गेल्या, तिथून शालेय समाजकार्य सुरू झालं असं मानतात. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पालघरच्या आदिवासी भागात, कोसबाडला, गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरवली. मूल येत नाही म्हणून त्याला दोष देण्याऐवजी त्याचा दिवस कसा जातो ते त्यांनी आधी पाहिलं. मुंबईत १९८८ साली रजनी परांजपे आणि बीना शेठ लष्करी यांनी डोअर स्टेप स्कूल, म्हणजे मुलांच्या दारापर्यंत शाळा नेणारी संस्था, सुरू केली, तीही याच वाटेनं. परांजपे स्वतः समाजकार्याच्या प्राध्यापक होत्या. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही शाळांशी जोडलेल्या समुपदेशकांचा आणि प्रशिक्षित सोशल वर्करचा उल्लेख आहे. पण तो उल्लेख आपल्या शाळेत उतरेपर्यंत थांबायला मुलांना वेळ नाही.

आधी मुख्याध्यापकांशी बोलून घ्या

पहिल्याच आठवड्यात मुख्याध्यापकांकडे निवांत वेळ मागा आणि चार गोष्टी ठरवून घ्या. कोणत्या वारी, किती वाजता येणार. कुठे बसणार, खोली नसली तर व्हरांड्याचा एखादा कोपराही चालेल, पण तो रोज तोच हवा. हजेरीपट बघायला मिळेल का. आणि गृहभेटीला शाळेच्या वेळेत जाता येईल का. शेवटची परवानगी लेखी घ्या. वस्तीत उद्या कुणी विचारलं तर हाती शाळेचं पत्र असलेलं बरं.

काय करणार नाही तेही त्याच बैठकीत सांगा: रिकामा वर्ग सांभाळणं, पालकांकडून पैसे गोळा करणं, मुलांना दम देणं. सुरुवातीला थोडं अवघड वाटेल. पण सहा महिन्यांनी सांगायला गेलात तर ते नकारासारखं ऐकू येतं, आज सांगितलंत तर माहिती म्हणून घेतलं जातं. वर्ग सांभाळायची वेळ एखाद्या दिवशी येईलच, तेव्हा सांभाळा. फक्त ते रोजचं होऊ देऊ नका.

शिक्षकांच्या खोलीत बसा, चहा घ्या आणि ऐका. ऑनलाइन माहिती, पोषण आहाराच्या नोंदी, निवडणुकीची ड्यूटी, या सगळ्यातून वेळ काढून ही माणसं शिकवत असतात. एकाच वस्तीतली मुलं वर्षानुवर्षं शिकवणाऱ्या बाईंना कुणाचं घर कसं चालतं ते आपल्या कुठल्याही सर्वेक्षणापेक्षा जास्त माहीत असतं. पहिले दोन-तीन आठवडे एकही सूचना करू नका. "तुमच्या वर्गातल्या कोणत्या मुलाची तुम्हाला काळजी वाटते?" एवढंच विचारा. त्रास कोण देतं, असं विचाराल तर दंगा करणाऱ्यांची यादी हाती येईल आणि मागच्या बाकावर गप्प बसणारी मुलगी त्यातून सुटेल.

हजेरीपट वाचायला शिका

बहुतेक जण हजेरीपटावरून टक्केवारी काढतात आणि पट मिटून ठेवतात. टक्केवारी फार थोडं सांगते. मूल कोणत्या दिवशी नाही, कुणाबरोबर नाही आणि कधीपासून नाही, हे बघायचं असतं.

दर आठवड्याला ठरावीक वारी गैरहजेरी असेल तर तो वार बाजाराचा आहे का बघा. आई भाजी विकायला बसली की धाकट्याला सांभाळायला थोरली घरी थांबते. दोन भावंडं वेगवेगळ्या वर्गात असून एकाच दिवशी नसतील तर कारण घरातलं आहे: आजारपण, भांडण, गावाला जाणं. एकटाच येत नसेल, भावंडं येत असतील, तर वर्गाकडे, रस्त्याकडे किंवा मुलाच्या तब्येतीकडे बघा. मधल्या सुट्टीनंतर गायब होणारं मूल बहुधा घरच्या धाकट्यासाठी डब्यात खिचडी घेऊन गेलेलं असतं. पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम धान्य, ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं द्यायची असतात. ज्या घरात सकाळी चूल पेटत नाही तिथे हे जेवण दोघांत वाटलं जातं. अशा मुलाला पळून गेला म्हणून कान धरून उभं करण्याआधी त्याच्या धाकट्या भावंडाचं नाव अंगणवाडीत आहे का ते बघा.

दिवाळीनंतर अख्खं घरच दिसेनासं झालं तर ते ऊसतोडीला, वीटभट्टीवर किंवा बांधकामावर गेलेलं असू शकतं. त्याबद्दल पुढे.

पटाची नोंद दर शनिवारी करा. सलग तीन दिवस न आलेल्या मुलाच्या घरी चौथ्या दिवशी कुणीतरी जावं, अशी सवय शाळेला लावता आली तर खूप काही साधतं. महाराष्ट्रात सलग महिनाभराहून जास्त गैरहजर राहिलेलं मूल शाळाबाह्य धरलं जातं. तोवर वाट बघितली तर त्या मुलानं दुसरी दिनचर्या धरलेली असते आणि तिथून त्याला परत आणणं कितीतरी जड जातं.

गृहभेट

या कामाचा कणा गृहभेट आहे, आणि सगळ्यात वाईट पद्धतीनं केली जाते तीही हीच. हातात रजिस्टर, गळ्यात ओळखपत्र, दारातूनच "तुमचा मुलगा शाळेत का येत नाही?" असा प्रश्न. शेजारच्या चार घरांतून माना बाहेर येतात. त्या आईला त्या क्षणी उत्तर सुचत नाही, सुचते ती सबब. "बरं नव्हतं त्याला" हे उत्तर आपण स्वतःच तिच्या तोंडी घातलेलं असतं.

वेळ आधी ठरवा. धुण्याभांड्याला जाणाऱ्या बायका दुपारी दोन ते चारच्या दरम्यान घरी सापडतात, बांधकामावरचे मजूर संध्याकाळी सहानंतर किंवा त्यांच्या सुट्टीच्या दिवशी. नाक्यावर काम शोधणाऱ्यांना सकाळी सात ते नऊ अजिबात गाठू नका, त्यांचा दिवसाचा रोजगार तेव्हा ठरत असतो. पहिल्यांदा जाताना वस्तीतली आशाताई किंवा अंगणवाडी सेविका बरोबर असली तर दार लवकर उघडतं. मात्र घरातलं भांडण, मारहाण किंवा आजार याबद्दल बोलायचं असेल तर एकटीनं जा. ओळखीच्या बाईसमोर कुणी मन उघडं करत नाही.

बसायला सांगितलं तर बसा, पाणी दिलं तर घ्या. पहिलं वाक्य मुलाबद्दल चांगलं असू द्या, आणि ते खरं असू द्या: "ताई, तुमचा पोरगा चित्रं छान काढतो, गेल्या आठवड्यात त्यानं मला बैल काढून दाखवला." शाळेतून कुणी घरी आलं म्हणजे तक्रारच असणार ही भीती इतकी मुरलेली असते की या एका वाक्यानं आईचा चेहरा बदलतो. मग घरचा दिवस विचारा. सकाळी किती वाजता उठता, पाणी कधी येतं, कोण भरतं, लहान्याजवळ कोण असतं. "शाळेत का येत नाही" हा प्रश्न विचारावाच लागत नाही. पाणी सकाळी आठ ते साडेआठ येतं आणि घरात हंडे उचलणारं दुसरं कुणी नाही, हे आपोआप कळतं.

लिहिणं घराबाहेर आल्यावर. फोटो नको. घरात काय आहे आणि काय नाही यावर नजर फिरवू नका, कुणालाही ते कळतं. वडील दारू पिऊन घरी असतील तर "परत येते" म्हणून निघा. निघताना एकच गोष्ट ठरवून निघा, आई करू शकेल अशी एक आणि आपण करू अशी एक. ती म्हणाली, "उद्यापास्नं धाडते, पण दप्तर फाटलंय," तर दप्तराचं आपण बघायचं आणि दिलेल्या दिवशी ते पोचवायचं. वस्तीत आपली पत शब्द पाळण्यावर ठरते, आणि ती बातमी गल्लीभर आपल्याआधी पोचलेली असते.

पैसे देऊ नका. उसने तर नाहीच. एकदा दिले की पुढच्या दारात आपल्याकडे सोशल वर्कर म्हणून कुणी बघत नाही.

मुलाशी बोलताना

सहा ते दहा वर्षांचं मूल समोर बसवून प्रश्न विचारले की गप्प होतं. हाताला काहीतरी हवं: खडू, माती, कागद, चिंचोके. शेजारी बसून आपणही चित्र काढा. घराचं चित्र काढताना घरात कोण कोण झोपतं ते मूल स्वतःच सांगतं. जागा दिसेल अशी पण ऐकू येणार नाही अशी असावी. बंद खोलीत एकट्या मुलाबरोबर कधीच बसू नका, दार उघडं ठेवा.

"कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका. त्याऐवजी सांगा: "तू सांगतोस ते मी उगाच कुणाला सांगत नाही. पण तुला कुणी इजा करत असेल तर तुला वाचवायला मला कुणाची तरी मदत घ्यावी लागेल." पहिलीतल्या मुलालाही हे समजतं.

मुलाला वर्गातून बोलवायची पद्धत सांभाळा. दारात उभं राहून नाव पुकारलं की मधल्या सुट्टीत बाकीची मुलं त्याला छळतात. दोन-तीन मुलांना एकत्र बोलवा किंवा सगळ्या वर्गाबरोबर खेळ घेऊन मग जवळ बसा.

कारण वर्गात असेल तेव्हा

इथे आपली कसोटी लागते, कारण ज्यांच्याबरोबर चहा पितो त्यांच्याशीच बोलायचं असतं. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ नुसार मुलाला शारीरिक शिक्षा करायला आणि मानसिक त्रास द्यायला मनाई आहे. छडी तर यात येतेच, पण वर्गासमोर जातीवरून बोलणं, आईच्या कामावरून टोमणा मारणं हेही येतं. पहिल्यांदा शिक्षकांशी एकट्यानं बोला, कायदा न वाचता. वर्गात साठ मुलं असताना काय करायचं हा त्यांचा प्रश्न खरा असतो, आणि त्या मुलासाठी आपण काय करू शकतो ते सांगितलं तर बरेच जण बदलतात. नाही बदललं तर मुख्याध्यापकांकडे लेखी द्या. ओळख जपायची म्हणून गप्प बसायचं, हा पर्याय आपल्याकडे नाही.

"लक्षच देत नाही", "ढ आहे" असं ऐकलं की आधी डोळे आणि कान तपासा. फळ्यावरचं उतरवताना शेजारच्याच्या वहीत बघणारं, हाक मारल्यावर वळून न बघणारं मूल अनेकदा फक्त तपासणीची वाट बघत असतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक मुलांची आरोग्य तपासणी करायला वर्षातून एकदा शाळेत येतं. त्या दिवशी आपल्या यादीतली मुलं हजर राहतील हे आदल्या दिवशी घरी जाऊन सांगा. पथकानं पुढे पाठवलेल्या मुलाला जिल्हा रुग्णालयापर्यंत पोचवायचं काम मात्र कुणाच्याच नावावर नसतं. ते आपण घ्यायचं. आईचा दिवसाचा रोज बुडतो, गाडीभाडं लागतं, केसपेपर कुठे काढायचा ते कळत नाही. पहिल्या वेळी बरोबर जा. मूल दिव्यांग असेल तर समग्र शिक्षा अभियानाच्या विशेष शिक्षकांना गाठा आणि दिव्यांग प्रमाणपत्राचं काम त्याच वर्षी सुरू करा.

कागद

कागदाअभावी मूल शाळेबाहेर राहिलं, हे ऐकलं की मला आजही संताप येतो, कारण शिक्षण हक्क कायदा इथे स्पष्ट आहे. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही (कलम १४). अंगणवाडीची किंवा दवाखान्याची नोंद नसली तर पालकांचं घोषणापत्रही चालतं. आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही (कलम ५). मूल नऊ वर्षांचं असून कधीच शाळेत गेलं नसेल तर त्याला वयानुरूप वर्गात घ्यायचं आणि विशेष प्रशिक्षण द्यायचं (कलम ४). आधार कार्ड नाही म्हणून प्रवेश थांबवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१८ च्या आधार निकालात सांगितलं.

प्रवेश आधी, कागद नंतर, हा क्रम धरून ठेवा. पण कागद सोडून देऊ नका. शिष्यवृत्ती, बँक खातं, पुढचे दाखले सगळं त्यावर अडतं. जन्मनोंद झालेली नसेल तर एक वर्ष उलटल्यावर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो, म्हणून धाकट्या भावंडांची नोंद त्याच फेरीत करून घ्या. आई किंवा वडील नसलेल्या, पालक तुरुंगात किंवा दुर्धर आजारी असलेल्या मुलांसाठी राज्याची बालसंगोपन योजना आहे. त्यात मुलाच्या संगोपनासाठी दरमहा २२५० रुपये मिळतात. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयाकडे जातो आणि बाल कल्याण समिती (काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलांबद्दल निर्णय घेणारी जिल्ह्याची समिती) आदेश देते. आजीजवळ राहणारी किती तरी मुलं यात बसतात आणि आजीला हे कुणी सांगितलेलंच नसतं.

स्थलांतर करणारी घरं

बीड, जालना, अहिल्यानगरच्या गावांत ऑक्टोबर-नोव्हेंबरात ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि मार्च-एप्रिलला परततात. शाळेचं निम्मं वर्ष त्यात जातं. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतली जाते ती त्याच्या कितीतरी आधी, म्हणून ऑगस्ट-सप्टेंबरातच कोणती घरं जाणार त्याची यादी करा. मग घरोघर एक प्रश्न: मूल मागे ठेवायला कुणी आहे का? आजी असेल तर हंगामी वसतिगृहाच्या, म्हणजे मागे राहिलेल्या मुलांसाठी गावातच चालणाऱ्या सोयीच्या, जेवणाची सोय लावता येते. कुणीच नसेल तर मुलाला शिक्षण हमी पत्रक देऊन पाठवा, म्हणजे कारखान्याजवळच्या शाळेत त्याला बसता येतं. पण ते पत्रक ट्रंकेच्या तळाशी राहतं. शक्य असेल तर तिकडच्या मुख्याध्यापकांना स्वतः फोन करा आणि टोळी कुठे उतरणार ते कळवा.

शहरातल्या शाळेत असाल तर उलट बाजू आपली: आसपासच्या बांधकामांवर दर दोन महिन्यांनी चक्कर मारा. तिथली मुलं कधी येतात आणि कधी जातात, शाळेला कळतही नाही.

अत्याचाराची शंका आली तर

मुलाच्या वागण्यात अचानक फरक, एखाद्या माणसाजवळ जायला नकार, शौचालयात जायची भीती, वयाला न शोभणारा खेळ. यातलं काहीही असलं म्हणजे अत्याचार झालाच असं नाही, पण दुर्लक्ष करायचं नाही. मुलानं स्वतः काही सांगितलं तर शांतपणे ऐका. "कधी, कुठे, किती वेळा" अशी उलटतपासणी करू नका. "तू सांगितलंस ते बरं केलंस, यात तुझी काही चूक नाही" एवढं म्हणा. त्याचे शब्द जसेच्या तसे, त्याच्याच बोलीत, लगेच लिहून ठेवा. तारीख आणि वेळ घाला.

त्यानंतर एकच वाट आहे. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायदा २०१२ च्या कलम १९ नुसार अशा गुन्ह्याची माहिती किंवा आशंका असलेल्या प्रत्येकानं पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे. न कळवणाऱ्याला कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. संस्थेच्या प्रमुखानं हाताखालच्या माणसाबद्दल कळवलं नाही तर एक वर्षापर्यंत. आधी शाळेची चौकशी समिती बसवू, खात्री करू, मग बघू, असं म्हणायचा अधिकार शाळेला नाही. संशयिताला बोलावून विचारणं तर घातक आहे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये बदलापूरला शिशुवर्गातल्या मुलींच्या बाबतीत तक्रार नोंदवायला झालेल्या विलंबानं राज्य पेटलं होतं, ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे.

पालकांना सोबत घ्या, पण पालकांनी "नको, बदनामी होईल" म्हटलं तरी कळवण्याची जबाबदारी आपल्यावरून उतरत नाही. हे त्यांना खरं सांगा, आणि कायद्यानं मुलाला दिलेलं संरक्षणही सांगा: जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला हव्या त्या जागी, शक्यतो महिला उपनिरीक्षकांनी, गणवेश न घालता घ्यायचा असतो. मुलीची तपासणी महिला डॉक्टरच करतात. मुलाचं नाव, शाळा, पत्ता कुठेही उघड करता येत नाही. पोलिसांनी २४ तासांत बाल कल्याण समितीला कळवायचं असतं. समितीकडे सहाय्यक व्यक्ती मागा, जी खटला संपेपर्यंत कुटुंबासोबत राहते. रात्री-अपरात्री काही कळलं तर १०९८ ही मुलांसाठीची मदतवाहिनी लावा. हा नंबर प्रत्येक वर्गाच्या भिंतीवर मुलांच्या उंचीला लिहिलेला असावा.

शाळेत परतल्यावर त्या मुलाकडे कुजबुजत बघितलं जाणार नाही, हे बघणं त्यानंतरचं सगळ्यात लांबचं काम.

नोंदी आणि समित्या

प्रत्येक मुलाची वेगळी फाइल, कुलपात. पाहिलेलं आणि आपल्याला वाटलेलं वेगवेगळं लिहा. "आई निष्काळजी आहे" असं लिहू नका. "मंगळवारी दुपारी तीनला घर बंद होतं" असं लिहा. व्हॉट्सअॅपच्या शाळेच्या ग्रुपवर मुलाबद्दल एक ओळही नको.

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. बैठका बऱ्याचदा सह्यांपुरत्या होतात. बैठकीआधी दोन-तीन आयांना भेटून एकच मुद्दा ठरवा, म्हणजे शौचालयाची कडी किंवा फाटकाबाहेरची भरधाव वाहनं, आणि तो त्यांनाच मांडू द्या. मुलांच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती कागदावर असेल तर तिचीही बैठक लावून घ्या.

चौथी-पाचवीनंतर

शाळा चौथीला संपते तिथे मुलं गळतात, विशेषतः मुली, कारण पुढची शाळा लांब असते. मार्चमध्येच शेवटच्या वर्गातल्या प्रत्येक मुलाचं नाव घेऊन बसा: पुढे कोणती शाळा, कुणाबरोबर जाणार, रस्त्यात काय लागतं. ज्या घरांत "बघू" असं उत्तर येईल तिथे एप्रिलमध्ये पुन्हा जा. एकाच वस्तीतल्या मुलींचा गट करून त्यांना नवी शाळा एकदा दाखवून आणा, तिथल्या शिक्षकांशी ओळख करून द्या. दाखले मुलांच्या हाती न देता शाळेकडून शाळेकडे पोचतील असं मुख्याध्यापकांकडून करून घ्या. आणि जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर दुसऱ्या आठवड्यात ती यादी घेऊन नव्या शाळेत जा, तिथला हजेरीपट बघा आणि ज्यांची नावं त्यात नसतील त्यांच्या घरी त्याच दुपारी पोचा.